शिलकी, मंजूर, करवाढ नाही

फेब्रुवारी संपत आला की वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर एक बातमी हमखास येते: ‘नगरपरिषदेचे अमुक कोटींचे शिलकी अंदाजपत्रक मंजूर, कोणतीही करवाढ नाही.’ गावाचं नाव बदलतं, कोटींचा आकडा बदलतो, बातमी तीच. ही कात्रणं मी बरीच वर्षं जमवतो आहे. घरचे त्याला रद्दी म्हणतात. मला मात्र छोट्या शहरांच्या पैशाचा अभ्यास करायला निघालेल्या माणसाच्या हातात पहिला धडा म्हणून हीच बातमी ठेवावीशी वाटते. त्या एका ओळीतला एकही शब्द वाटतो तितका सरळ नाही, आणि तो का नाही हे शोधता शोधता माणूस या विषयात कधी शिरला ते त्याचं त्यालाच कळत नाही.

‘शिलकी’ घ्या. नगरपरिषदेचं अंदाजपत्रक म्हणजे आडव्या पानांचं एक बाड. प्रत्येक लेखाशीर्षापुढे रकाने असतात: मागच्या वर्षांची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा मंजूर अंदाज, चालू वर्षाच्या सरलेल्या महिन्यांचा प्रत्यक्ष आकडा, सुधारित अंदाज, आणि सगळ्यात शेवटी पुढच्या वर्षाचा अंदाज. भाषणं होतात ती या शेवटच्या रकान्यावर. अभ्यासकाने बोट ठेवायचं ते सुधारित अंदाजावर. गेल्या वर्षी बाकं वाजवून मंजूर झालेलं उद्यान तिथे निमूटपणे शून्यावर आलेलं दिसतं; त्याबद्दल कुणी ठराव केलेला नसतो आणि बातमीही आलेली नसते.

जमेच्या बाजूची पहिली ओळ असते ‘आरंभीची शिल्लक’. बरेचदा ही रक्कम गावाच्या वर्षभराच्या घरपट्टीपेक्षाही मोठी दिसते, आणि नवखा वाचक म्हणतो, वा, पालिका काटकसरी आहे. ओळ फोडून बघितली की कळतं, त्यातला मोठा भाग ठरावीक कामासाठी शासनाकडून आलेल्या आणि पडून राहिलेल्या अनुदानांचा आहे. पाणी योजनेचे पैसे पडून, रस्त्याचे पडून, वस्ती सुधारणेचे पडून. ते दुसरीकडे वळवता येत नाहीत. भाचीच्या लग्नाला म्हणून मामाने पाठवलेले पैसे कपाटात आहेत आणि वाण्याची उधारी तीन महिन्यांची थकली आहे, अशा घराला आपण शिलकी घर म्हणणार नाही. पालिकेला म्हणतो. पथदिव्यांचं वीजबिल थकलेली पालिकासुद्धा कागदावर शिलकी असू शकते.

‘करवाढ नाही’ हा याहून खोल पाण्याचा मामला आहे, म्हणून तिथे जरा थांबू. घरपट्टीचं गणित अवघड नाही. समजा, घर ५० चौरस मीटरचं आहे आणि त्या भागात, त्या प्रकारच्या बांधकामाला चौरस मीटरमागे महिना १० रुपये भाडं धरलं आहे. वार्षिक भाडेमूल्य झालं ६,००० रुपये. दुरुस्तीपोटी १० टक्के वजा, उरलं करयोग्य मूल्य ५,४०० रुपये. त्यावर कराचा दर २४ टक्के धरला तर कर १,२९६ रुपये. (हे आकडे समजावण्यापुरते, आपल्या गावचे आपल्या पावतीवरून काढावेत.) सभागृह मत देतं ते शेवटच्या टक्केवारीवर. पण दहा रुपयांचे पंधरा झाले, तर टक्केवारीला हात न लावता कर १,९४४ रुपयांवर जातो. हे दहा-पंधरा ठरतात चतुर्वार्षिक आकारणीत, नगररचना खात्यातल्या प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, आरसीसी की लोडबेअरिंग, विटा-माती की पत्रा, निवासी की वाणिज्य, अशा तक्त्यांमधून. तक्ता दिसायला तांत्रिक असतो. म्हणून त्यावर सभेत वाद झडत नाही, आणि नगरसेवक दोन वर्षांनी छातीठोकपणे सांगू शकतो की आम्ही एक पैसा कर वाढवला नाही. तो खोटं बोलत नसतो. खरा निर्णय कुठे झाला, एवढंच तो सांगत नसतो.

आकारणीची यादी लागली की नागरिकांना हरकतीची मुदत मिळते आणि मग सुनावणी होते. छोट्या शहरात कराबद्दल सामान्य माणूस अधिकाऱ्याच्या समोर बसून बोलतो, असा हा जवळजवळ एकमेव प्रसंग. अशा एका सुनावणीला मी दोन दिवस बसलो होतो. गाव तालुक्याचं. सभागृहात पंखे होते, पण माणसंच इतकी की वारा लागत नव्हता. प्रत्येकाच्या हातात घडी घालून मऊ झालेली नोटीस. एक आजी आल्या. मोजणी करणाऱ्या पोराने त्यांची पत्र्याची पडवी स्लॅबमध्ये धरली होती. लिपिकाने नकाशा पाहिला, शेजारच्याने ‘पत्राच आहे हो’ म्हणून साक्ष दिली, चार मिनिटांत दुरुस्ती झाली. आजी उठल्या नाहीत. म्हणाल्या, “साहेब, पैसे भरते मी. पण आमच्या बोळात दिवा कधी लागणार?” अधिकारी सौम्यपणे म्हणाले, “तो विषय इथला नाही, आजी. विद्युत विभागात अर्ज द्या.” त्यांचं काही चुकलं नव्हतं. सुनावणी मूल्यनिर्धारणाची होती.

तेव्हापासून या विषयाची व्याख्या कुणी विचारली की मी आजींचं नाव घेतो. त्यांच्या डोक्यात कर आणि दिवा हे एकच वाक्य होतं. व्यवस्थेने त्याचे दोन तुकडे केले आहेत: कराच्या टेबलावर माणूस एकटा येतो, स्वतःच्या पडवीपुरता, तक्रारदार म्हणून. खर्चाच्या दारात तो येतो नगरसेवकाचं बोट धरून, विनंती करणारा म्हणून. ‘आम्ही एवढं देतो, त्यातून हे करा, आणि हे हवं असेल तर एवढं जास्त देऊ’ हे वाक्य पूर्ण म्हणायची जागाच नाही. नागरिकांचा सहभाग या नावाखाली जे काही लिहिलं जातं, त्यातलं बरंचसं या दोनपैकी एकाच तुकड्याबद्दल असतं. माझ्या मते या अभ्यासाचा खरा प्रश्न त्या जोडाचा आहे.

जागा नाही, हे मी रागाने म्हणत नाही. कायद्याची पुस्तकं उघडून म्हणतो आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने नगरपालिकांना घटनात्मक दर्जा दिला, बाराव्या अनुसूचीत १८ विषयांची यादी दिली आणि लोकांच्या जवळची पायरी म्हणून प्रभाग समित्या सांगितल्या. पण त्या बंधनकारक केल्या तीन लाख आणि त्याहून जास्त लोकवस्तीच्या शहरांना. महाराष्ट्रात ‘अ’ वर्ग नगरपरिषद लाखाच्या पुढे सुरू होते, ‘ब’ वर्ग ४० हजार ते एक लाख, ‘क’ वर्ग त्याखाली. म्हणजे आपल्या बहुतेक नगरपरिषदा या तरतुदीतून सुटल्या. खेड्याला ग्रामसभा, महानगराला प्रभाग समिती, आणि मधल्या गावाला निवडणुकीतलं बटण.

ही पोकळी सगळ्यात स्पष्ट दिसते ती नगरपंचायतींत. २०१४-१५ च्या सुमारास राज्यात तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींचं सरसकट नगरपंचायतींत रूपांतर झालं. १७ प्रभाग, १७ नगरसेवक, मुख्याधिकारी, नवी पाटी. गावाचं शहर झालं म्हणून फटाके वाजले. एक गोष्ट त्या धुरात कुणाच्या लक्षात आली नाही: आदल्या वर्षापर्यंत २६ जानेवारीला, १ मेला, १५ ऑगस्टला, २ ऑक्टोबरला त्याच गावात ग्रामसभा भरत होती. ग्रामसभा काही स्वर्ग नव्हती. गणपूर्ती होत नसे, सह्या घरोघर फिरून घेतल्या जात, बायका मागे आणि कोपऱ्यात बसत. तरीही जमाखर्च वाचून दाखवायची सक्ती होती, आणि ज्याला भांडायचं आहे त्याला उभं राहून भांडता येत होतं. नगरपंचायतीच्या सभेत तोच माणूस फार तर प्रेक्षक. महाराष्ट्राने २००९ मध्ये नागरी कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद आणून ही फट बुजवायचा प्रयत्न केला; वाचायला ती तरतूद चांगली आहे. आपल्या गावात शेवटची क्षेत्रसभा कधी झाली, हे वाचकाने शेजारच्याला विचारून पाहावं.

‘मंजूर’ या शब्दाकडेही एकदा वळून पाहू. मंजूर कुणी केलं? २०२१-२२ पासून मुदती संपत गेलेल्या नगरपरिषदांवर प्रशासक बसले आणि इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात असताना निवडणुका लांबत २०२५ च्या डिसेंबरात झाल्या. त्या काळात एकाच अधिकाऱ्याने अंदाजपत्रक मांडलं आणि त्याच अधिकाऱ्याने मंजूर केलं, असं गावोगाव घडलं. बातमीचा मथळा मात्र बदलला नाही. लोकांना फरक जाणवला का, आणि कुठे जाणवला, हा एका चांगल्या प्रबंधाचा विषय आहे. कुणीतरी तो घ्यावा.

आता पैशाच्या वाटेकडे. चौकातल्या फ्लेक्सवर ‘निधी’ हा शब्द कोणत्या क्रियापदाबरोबर येतो ते पाहा. निधी आणला. निधी खेचून आणला. निधी कुणी ‘दिला’ असं सहसा नसतं आणि ‘आपण भरला’ असं तर कधीच नसतं. पैसा मुंबईहून येतो, आणणारा शूर असतो, आणि बाकड्याच्या पाठीवर त्याचं नाव रंगवतात. या भाषेला इतिहास आहे. नगरपालिकांची कमाई दीर्घकाळ जकातीवर होती. नाक्यावर ट्रक थांबायचा, पावती फाटायची, आणि गावकऱ्याला तो कर भरल्याचं कधी कळायचंच नाही. तो साखरेच्या भावात मिसळलेला असे. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली. (मुंबईची गेली २०१७ साली, वस्तू व सेवा करासोबत.) तिच्या बदल्यात शासनाकडून अनुदान येऊ लागलं. व्यापाऱ्यांनी पेढे वाटले. नाक्यांवर जे चालायचं ते पाहता त्यांना दोष देता येत नाही. पण पालिकेचे डोळे त्या दिवसापासून गावाऐवजी मंत्रालयाकडे लागले. ज्या पैशासाठी गावाला विचारावं लागत नाही, त्याचा हिशेब गावाला द्यावासाही वाटत नाही.

वरून येणारा पैसा अटी घेऊनही येतो. १५ व्या वित्त आयोगाने दहा लाखांखालच्या शहरांच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधून टाकला. शिवाय राज्याने मालमत्ता कराचा किमान दर अधिसूचित करावा आणि वसुली राज्याच्या उत्पन्नाच्या वेगाने वाढावी, अशी अट घातली. हेतू वाईट नाही. पण मग ‘करवाढ नाही’ म्हणणारं सभागृह नेमकं काय ठरवतं आहे, हा प्रश्न उरतोच. मूल्य नगररचना खातं ठरवणार, दराचा तळ वरून ठरणार, शिक्षण कर पालिका गोळा करणार आणि तिजोरीत राज्य घेणार. गावाच्या हातात काय उरतं? उरते वसुली. मार्च आला की थकबाकीदाराच्या दारात हलगी वाजते, नळ तोडायची धमकी जाते. दरमहा २ टक्के शास्ती चढत राहते, आणि अधूनमधून शास्तीमाफीची अभय योजना येऊन वेळेवर भरणाऱ्याला मूर्ख ठरवून जाते.

या अभ्यासाला वंशावळ नाही असं समजू नये. १८५० चा २६ वा कायदा, ज्याखाली मुंबई इलाख्यातल्या पुष्कळ गावांत पहिल्या नगरपालिका झाल्या, तो रहिवाशांच्या इच्छेची अट घालत होता. म्हणजे कागदावर तरी, स्वतःवर कर बसवून घेणं ही लोकांनी मागायची गोष्ट होती. व्हाइसरॉय रिपनचा स्थानिक स्वराज्याबद्दलचा १८८२ चा ठराव सगळ्यांना पाठ असतो. मला त्याआधीची एक छोटी गोष्ट जास्त मोलाची वाटते. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागतावर हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणणारे आणि ठरावाविरुद्ध मत देणारे ते एकटेच होते. अंदाजपत्रकीय चर्चेचा नमुना म्हणून मी विद्यार्थ्यांना हेच उदाहरण देतो: एक ओळ, एक रक्कम, आणि तिच्यासमोर ठेवलेला दुसरा उपयोग.

दुसरी गोष्ट महाडची. चवदार तळं नगरपालिकेच्या ताब्यात होतं. सार्वजनिक पैशातून बांधलेली आणि राखलेली पाणवठ्यांची ठिकाणं अस्पृश्यांना खुली असावीत, हा सदस्य बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठरावही केला. पाण्याला हात लागला तो मात्र मार्च १९२७ मध्ये, सत्याग्रहाने; आणि पुढे त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. महाडला आपण समतेच्या लढ्याचा प्रसंग म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. नगरवित्ताच्या विद्यार्थ्याने तो आणखी एका बाजूने वाचावा. ‘सार्वजनिक पैसा’ या शब्दांतलं ‘सार्वजनिक’ म्हणजे कोण, हे छोट्या गावाच्या पालिकेत ठरतं. म्हणूनच हल्ली ‘आम्ही करदाते’ अशी जी भाषा चालते तिच्याबद्दल मला धास्ती वाटते. एके काळी कर भरणाऱ्यालाच मत होतं. ती अट आपण मोडून काढली. नावावर घर नसलेली भाडेकरू बाई, झोपडपट्टीतला हमाल, रोजची बाजार फी देणारी भाजीवाली, हे पावतीपुस्तकात मालमत्ताधारक नसतील. अंदाजपत्रक त्यांचंही आहे.

लोकांना अंदाजपत्रकात सामील करून घेण्याच्या प्रयोगांचं वाङ्मय मोठं आहे. ब्राझीलच्या पोर्तो आलेग्रे शहरात १९८९ पासून वस्त्यांच्या सभांनी शहराच्या गुंतवणुकीचा क्रम ठरवला. जगभर त्याचं अनुकरण झालं, तिथे मात्र तो पुढे ओसरत गेला. केरळने १९९६ मध्ये लोकयोजना मोहिमेत राज्याच्या योजना निधीतला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे सोपवला. रक्कम एवढी मोठी होती की लोक सभांना आले. आपल्याकडे पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घ्यायला सुरुवात केली. फॉर्म भरायचा, क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. पण एका कामाला काही लाखांची मर्यादा. त्यामुळे पदपथ, बसथांबा, दिवे, आणि अर्थात बाकडी. मी या प्रयोगाला हसणार नाही, ज्यांनी तो नेटाने चालवला त्यांचे कष्ट मी पाहिले आहेत. एवढंच नोंदवतो की पोर्तो आलेग्रेपासून पुण्यापर्यंत लोकांना विचारलं ते मुख्यतः ‘कशावर खर्च करू’ एवढंच. ‘किती गोळा करू आणि कुणाकडून’ हे विचारायला सगळेच कचरले. आजींच्या वाक्याचा दुसराच अर्धा.

दोन्ही अर्धे एकत्र आलेले पाहायचे असतील तर कराडला लागून असलेल्या मलकापूरला जावं. बहुतेक गावांत पाणीपट्टी वर्षाला ठोक असते, अर्धा इंची जोडणीला इतके; पाणी रोज येवो की चार दिवसांनी. मलकापूरने चोवीस तास पाणी आणि प्रत्येक नळाला मीटर अशी योजना स्वीकारली. वापराल तितकं भरा. तिथे दर आणि सेवा यांची चर्चा वेगळी करताच येत नाही, कारण दोन्ही एकाच बिलावर आहेत. मी यावरून सरसकट सिद्धांत काढत नाही. पाण्याला मीटर बसतो; बोळातल्या दिव्याला बसत नाही, गटारीला बसत नाही, आणि मीटर गरिबाला किती परवडतो हे वेगळं तपासावं लागतं. जिथे मीटर बसत नाही तिथे त्याच्या जागी काय ठेवायचं, माणसांची सभा की दुसरं काही, याचं उत्तर अजून कुणाकडे नाही. म्हणून तर नव्या माणसांची गरज आहे.

या विषयाला वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही, हे मुद्दाम सांगतो. लेखापाल हवेत, पण भाषेचे अभ्यासक हवेत, ज्यांना ‘निधी आणला’ मधलं क्रियापद खटकेल. जुन्या ठरावबुकांतली मोडी वाचणारे हवेत. वॉर्डात राहणाऱ्या, नळावर उभ्या राहणाऱ्या बायका तर हव्याच. पाणी किती वाजता आलं याची बिनचूक नोंद त्यांच्याकडेच असते.

सुरुवात कुठून करायची, असं विचाराल तर आपल्याच गावापासून. पालिकेच्या लेखा विभागात जाऊन चालू वर्षाचं अंदाजपत्रक मागा. ‘कशाला पाहिजे?’ असं विचारलं जाईल. रागावू नका. तिथल्या लिपिकाला या कागदाबद्दल आजवर ठेकेदाराशिवाय कुणी विचारलेलं नसतं, त्याला खरंच कुतूहल असतं. तो चहा मागवील. नाहीच दिलं, तर २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहे. बाड हातात आलं की पहिलं पान आणि एकूण कोटींचा आकडा सोडून द्या. थेट खर्चाच्या बाजूला ‘दिवाबत्ती’ची ओळ शोधा, सुधारित अंदाजाच्या रकान्यापर्यंत बोट न्या, आणि संध्याकाळी तो आकडा खिशात ठेवून गावातून एक चक्कर मारा.